कासिमिरोची पाळी

कासिमिरो पाणीचोर होता. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तीस वर्षं त्याच्या तोंडावर बोलत आलोय. आमच्या पाटावर अकरा घरं. त्यात त्याचं दहावं आणि माझं शेवटचं, म्हणजे माझ्या जर्दाळूंना पाणी मिळायचं ते त्याच्या दारावरून पुढे आलं तरच. गुरुवारची पाळी त्याची, शुक्रवारची माझी. शुक्रवारी सकाळी सहा वाजता त्यानं आपल्या रानाकडच्या दाराची फळी खाली टाकायची आणि पाणी मला सोडायचं. तीस वर्षांत त्यानं स्वतःहून ती एकदाही टाकली नाही. मी फावडं घेऊन जायचो तर हा ओट्यावर कॉफी पीत बसलेला.

"काय रे चोरा, किती वाजले?"

"घड्याळ बंद पडलंय, तासो."

"फळी टाक."

"तूच टाक की. पाटकरी तू ना?"

पाटकरी मीच होतो, एकोणीस वर्षं. पाळ्या लावायच्या, भांडणं सोडवायची आणि वसंतात पाट साफ करून घ्यायचा, हे माझं काम. माझी सगळ्यात मोठी भांडणं मात्र माझीच असायची, ती सोडवायला कोण येणार?

मग डोंगर जळला. सतरा दिवस जळत होता. आमच्या खोऱ्यातलं एकही घर त्यात गेलं नाही, आणि आम्ही देवळात जाऊन मेणबत्त्या लावल्या. मूर्ख होतो. जळलेल्या डोंगरात पाणी मुरत नाही, तव्यावरून घसरावं तसं ते खाली येतं. जुलैत अर्धा तास पाऊस पडला आणि राखेचा काळा लोंढा ओंडके घेऊन दहा घरांतून फिरून गेला, माझं तेवढं उंचवट्यावर म्हणून वाचलं. त्या उन्हाळ्यात पाच वेळा, पुढच्या उन्हाळ्यात सात वेळा. कासिमिरोचा पलंग तिसऱ्यांदा चिखलात बसला तेव्हा त्याच्या बायकोनं तो उचलायला नकार दिला.

काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सरकारनं, सांगितलं, आम्ही घरं विकत घेतो. सक्ती नाही. घर पाडू, गवत पेरू, तिथं पुन्हा कधी कोणी काही बांधायचं नाही. एकेकानं सही केली. कासिमिरोनं शेवटी केली. जायच्या दिवशी मी मुद्दाम पाटाच्या वरच्या टोकाला जाऊन बसलो, म्हणजे निरोप घ्यायला नको. तो आता चाळीस मैलांवर शहरात राहतो, दुसऱ्या मजल्यावर.

या एप्रिलमध्ये काउंटीची मारिसेला माझ्याकडे आली. पन्नाशीची बाई, बोलायला सरळ. महिनाअखेर शेवटची मुदत, म्हणाली. तीस तारखेच्या सोमवारपर्यंत सही आली नाही तर पुन्हा कोणी विचारणार नाही.

मी म्हटलं, "पाट गाळानं भरलाय. पाणी माझ्या झाडांपर्यंत आलं तर मी इथंच राहणार. नाही आलं तर करतो सही."

"बरं, पण पाट साफ कोण करणार, काका?"

"तुम्ही. ज्याची जमीन, त्यानं साफसफाईला एक माणूस पाठवायचा. आमच्या आजोबांच्या आजोबांपासूनचा नियम आहे. तुमच्याकडे आता दहा जमिनी आहेत. शनिवारी सकाळी सातला दहा माणसं पाठवा. फावडी आपापली."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये.

"लेखी द्याल?"

मी लेखी दिलं. पाटकरी म्हणून सही ठोकली.

शनिवारी ती एकटीच आली. नवे बूट, नवं फावडं, दांड्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

"बाकीचे नऊ?"

"वकील विचार करतायत. मी आज सुट्टी घेऊन आले."

"विचार करायला फावडं लागत नाही, त्यांना बरं आहे."

आमच्याकडे पाटकरी काठीनं पाट मोजतो आणि प्रत्येकाला आपापला तुकडा आखून देतो. सगळ्यांचे तुकडे झाले की पाटकरी ओरडतो, "वुएल्ता!" मग सगळे बाहेर येतात, पुढे जातात, पुन्हा नवे तुकडे. मी तिला तिचा तुकडा आखून दिला. कमी आखला नाही, काउंटी आहे म्हणून जास्तही नाही. दुपारपर्यंत तिच्या तळहातांना फोड आले. मी तिला राजमा आणि हिरवी मिरची घालून तोर्तिया दिली.

"पूर्वी किती जण असायचे?" तिनं विचारलं.

"पंचवीस. पण निम्मा वेळ भांडण्यात जायचा."

"आणि तरी व्हायचा पाट?"

"एका दिवसात."

त्या दिवशी आमचे दोघांचे मिळून आठ तुकडे झाले. दोनशेच्या वर बाकी होते. जाताना तिनं फावडं माझ्याकडेच ठेवलं आणि सॉरी म्हणाली. तिच्यावर राग धरता येईना, हीच पंचाईत झाली.

पुढचे एकोणीस दिवस मी एकटा खणत होतो. फार काही नाही, फावड्याच्या रुंदीची एक चर, गाळाच्या मधोमध. पहिल्या दिवशी तुकडा संपल्यावर सवयीनं "वुएल्ता!" ओरडलो. चरीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. खजील झालो. दुसऱ्या दिवशी ओरडलो नाही, तर त्याहून वाईट वाटलं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून पुन्हा ओरडायला लागलो. माणसाला वेड असंच लागत असणार, थोडं थोडं, स्वतःच्या संमतीनं.

मग शुक्रवारी सकाळी पाटाच्या तोंडाशी जाऊन वरची फळी उचलली आणि पाण्याबरोबर चालत खाली आलो. काळं पाणी, वर राखेचा फेस. जिथं अडलं तिथं फावडं घातलं. एकामागून एक नऊ मोकळी गवताळ रानं गेली, मग कासिमिरोचं, आणि बाराच्या सुमाराला पाणी माझ्या जर्दाळूंच्या बुंध्याशी आलं. सगळ्या पाटाचं पाणी! वाटेत कोणी दार उघडलेलं नाही, कोणी वळवलेलं नाही, थेंबसुद्धा चोरलेला नाही. आयुष्यभर जे मागितलं ते मिळालं होतं. मी उलट्या बादलीवर बसलो आणि मला रडू आलं. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान कासिमिरो पाणी चोरत होता.

उठलो, त्याच्या रानाशी गेलो आणि त्याच्या दाराची फळी वर उचलली. पाणी तिकडे वळलं. मग त्याला फोन लावला.

"तासो? काय झालं? पूर?"

"पूर कसला! शुक्रवार आहे आज, आणि तुझी फळी वर आहे."

त्याच्या मागे टीव्ही चालू होता.

"मी इथं आहे रे. दुसऱ्या मजल्यावर."

"चोराच्या उलट्या बोंबा. पाणी तुझ्या रानात चाललंय, मला दिसतंय."

त्यानं टीव्ही बंद केला.

"कुठवर गेलंय?"

"ओटा होता तिथवर." मी पाण्याबरोबर चालायला लागलो. "आता तुझ्या स्वयंपाकघरात शिरतंय."

"तिथं चढ आहे. चढणार नाही."

"चढ नाही राहिला. सपाट केलंय त्यांनी."

"अच्छा." तो म्हणाला. "लिलाकची झाडं ठेवलीत का?"

"ठेवलीत. कळ्या आल्यात."

"पोचलं तिथं?"

"थांब. पोचतंय… पोचलं."

"बरं झालं," तो म्हणाला. "बायकोला सांगतो, तिची झाडं ती."

मला फोन ठेवायचा नव्हता. पाणी झाडांच्या मुळाशी साचत होतं आणि माझ्याकडची चर सुकत चालली होती, चालली तर चालली. मी नेहमीच्या आवाजात, जोर लावून ओरडलो, "काय रे चोरा, किती वाजले?"

एवढंच हवं होतं. घड्याळ बंद पडलंय, असं त्यानं म्हटलं असतं तर मी ती सही कधीच केली नसती.

"साडेबारा," कासिमिरो म्हणाला. "टाक फळी, तासो. पाळी तुझी आहे."

मी फळी टाकली. सोमवारी काउंटीत जाऊन सही केली.