केळीच्या बदल्यात खजूर

चारुलताने खोक्याचं झाकण उघडलं आणि तिच्या डोक्यात सणक गेली. खजुरातून दारूच्या भट्टीसारखा आंबूस वास येत होता.

"ओल्या खजुराला असाच वास येतो," हेमकांत म्हणाला. तो निर्यातदाराचा माणूस. प्रकाशा गावच्या पॅकिंग शेडमधली केळी इराणला जायची. तिकडून पैसे येण्याची वाट बंद झालेली, म्हणून यंदा मालाला माल. केळी तिकडे, शेतकऱ्याला पैशांऐवजी खजूर इकडे.

"ओला खजूर थंडीत ठेवतात. हा गोदामात किती दिवस तापला?"

"मॅडम, हा दोन देशांचा व्यवहार आहे. तुमच्या शेडचा नाही."

तिचं पित्त खवळलं. याच शेडमध्ये ती केळी तपासायची, हेमकांतनेच दिलेल्या नियमाने. एक डाग दिसला, फणी बाद. जाडी दोन मिलिमीटर कमी भरली, फणी बाद. मागच्या महिन्यात तिने वडिलांच्याच बावीस फण्या बाजूला काढल्या होत्या. दोन दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं.

तिने ढिगातून कुठलीही दहा खोकी ओढली. सात आंबलेली.

हेमकांतने तिच्याकडे पाठ फिरवून तिचे वडील रतिलाल यांच्यापुढे पावती धरली. 'माल उत्तम स्थितीत मिळाला.' "सही करा काका. नाहीतर बुधवारी तुमचे घड न्यायला गाडी येणार नाही."

घड भरून तोडणीला आले होते. बुधवार टळला, तर ते झाडावरच पिकणार आणि जहाजाच्या कामाचे राहणार नाहीत. रतिलालनी पेन घेतलं.

"आबा, सही नको करू."

"पोरीच्या नादी लागता काय काका?" हेमकांत हसला.

रतिलालनी एक खजूर तोंडात टाकला आणि थुंकला. "ती बापना माल बाद करस, मंग तुन्हा का नही?" त्यांनी पेन लेकीच्या हातात दिलं.

तिने पावतीवर आडवं लिहिलं, 'दहापैकी सात खोकी आंबलेली. माल नाकारला.' सही इतकी दाबून केली की कागद फाटला.

बुधवारी गाडी आली नाही. शुक्रवारी घड पिवळे पडू लागले, तेव्हा बापलेकीने ते शहाद्याच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकले. हेमकांतची गाडी शेजारच्या गावी गेल्याचं तिथेच कळलं. चारुलताने तिथल्या शेडच्या प्रमिलाबाईंना फोन लावला.

"प्रमिलाबाई, खजूर घेतलात? वास आला नाही तुम्हाला?"

"उना ना माय, नाक दाबीसन लिधा. पन आमना घड भरी जायेल व्हतात."