आउट काढलेलं चाक

"सायकल आणलीत ना?" वकीलबाईंनी विचारलं आणि मिस्त्रींचा चेहरा खुलला. आणली म्हणजे काय! बाहेर पायरीशी उभीच होती, लख्ख पुसलेली.

वकीलबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "ही? हिला तर साधा ओरखडाही नाही!"

"कसा असेल?" मिस्त्रींनी शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवलं. "ही दवाखान्यात होती तेवढ्यात चाकाचा आउट काढून ते सरळ केलं, नवे आरे, नवं मडगार्ड घातलं. घरी आल्यावर हिला मोडकी सायकल दिसायला नको."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो मिस्त्री, तोच तर पुरावा होता! फोटो? जुने आरे?"

"मोडक्या सायकलचा कुणी फोटो काढतं का? आरे भंगारात गेले." मिस्त्रींचा आवाज खोल गेला. तीस वर्षं लोकांच्या सायकली सरळ करणाऱ्या स्वतःच्या हातांचा त्यांना पहिल्यांदाच राग आला. "पुन्हा वाकवून देऊ का? होती तश्शी. हातोडा आहे का?"

"गप्प बसा हो," प्लास्टरमधला हात सावरत बायको पुटपुटली.

पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली होती ती. कॅरिअर धरून मिस्त्री मागे धावले होते, तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. आणि आता तिला धडक देणारा कारवाला म्हणत होता, बाईच आडवी आली. दहा दिवस मिस्त्री सांगत होते, तुझं काही चुकलं नाही. पण नवरा समजूत घालणारच, असं तिला वाटे. सायकलकडे ती बघतही नव्हती. मिस्त्रींना भरपाईचं फारसं काही नव्हतं. आपलंच चुकलं, हे तिच्या मनातलं कुणीतरी खोडून काढावं, एवढ्यासाठी ते आले होते.

"बरं, दुरुस्त काय काय केलंत ते तरी सांगा," वकीलबाईंनी पेन उचललं.

मिस्त्रींनी डोळे मिटले. बोटं हवेतच चालू लागली. "पुढच्या चाकाला हातच लावला नाही, ते धडधाकट होतं. मागचं रिम पाठीमागून आत दबलेलं. मडगार्ड पुढे दुमडलेलं. कॅरिअर थेट सीटखाली घुसलेला. सायकल आडवी वळली असती तर चाक बाजूने मुडपलं असतं. हा दणका मागून बसलाय, सरळ जाणाऱ्या सायकलला."

वकीलबाई भराभर लिहीत होत्या. "नवरा बायकोच्याच बाजूने बोलणार, असं म्हणतील समोरचे. किती टिकेल सांगता येत नाही. पण मी मांडते."

"म्हणजे... मी वळले नव्हते?" बायकोने विचारलं.

"नाही गं. नाकासमोर चालली होतीस."

"मग हे चाकाचं आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, चाक सरळ केलं की झालं."

ती रडली. दहा दिवसांत पहिल्यांदाच, अगदी पोटातून. वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बाहेर आल्यावर मिस्त्री हँडल धरायला गेले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला. "सरका. मी नेते." एका हाताने ती सायकल ढकलत निघाली. मिस्त्री मागे गेले आणि त्यांनी कॅरिअर धरला.