त्रेचाळिसावं पान

दहा वाजून पाच मिनिटांनी अंबिकाने अहवालाची पहिली प्रत उघडली आणि त्रेचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला.

तक्त्यात सरळ छापलं होतं : 'टाकळवाडी, ता. हिमायतनगर. सेविका म्हणाल्या, आहाराची पाकिटं चार महिने आलीच नाहीत, सह्या मात्र घेतल्या.' नाव कुठेच नव्हतं. नांदेडच्या पेपरात अठरा वर्षं राजकारणाच्या बातम्या लिहिलेल्या. नाव गाळायचं हे अंगात भिनलेलं. पण टाकळवाडीत अंगणवाडी एकच. सेविकाही एकच, मंजुळाबाई.

पेपरात असताना ती 'एका गावात' एवढंच लिहायची. लातूरच्या या अभ्यास केंद्राची संचालक झाल्यापासून मात्र विश्वस्त मलप्पाअण्णांनी टुमणं लावलं होतं, गावनिहाय तक्ता हवा. तो तिनेच, स्वतःच्या हाताने भरला होता.

पाकिटं पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या नजरेला हे पान पडलं की मंजुळाबाईंची नोकरी गेलीच. मुलगी शिवानी दीड वर्षाची असताना अंबिका तिला कडेवर घेऊन निवडणुकीचे दौरे करायची. तेव्हा, "आण इकडं लेकराला, तू जा तुझ्या कामाला," म्हणत पोरीला मऊ खिचडी भरवली होती ती याच बाईने. आणि पाकिटांचं सांगितलं तेही अंबिकावर विसंबून.

प्रकाशन अकराला. खाली सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. तिने दार लोटलं, पट्टी घेतली आणि पान फाडायला लागली. दोनशे प्रती होत्या.

साठाव्या प्रतीला मलप्पाअण्णा आत आले. डाळमिलचा माणूस, कपाळावर विभूती, अंगावर आजचं खास उपरणं.

"बाई, हे काय करून राहिलात?"

"अण्णा, या पानावरून एक बाई ओळखू येते."

"अन् तक्त्याबिगर आपल्याला कोण मानतंय? पेपरातल्या गप्पा म्हणतील लोक. अब्रू जाईल संस्थेची!"

"चूक माझी आहे. मीच सांगेन सगळ्यांना."

अण्णा फाटक्या पानांकडे बघत राहिले, आणि पाहुण्यांचं बघतो असं पुटपुटत निघून गेले.

एक प्रत मात्र तिच्या हाताबाहेर होती. रिवाजाप्रमाणे कालच तिने नांदेडला सुदामकडे फाइल पाठवली होती, बातमी अकरानंतर टाकायची या बोलीवर. सुदाम तिच्याच हाताखाली तयार झालेला, आता तिच्या जुन्या पेपरात प्रमुख. फाडता फाडता तिने फोन कानाला लावला.

"सुदाम, त्रेचाळीसवरचं गाव काढ."

"ताई, बातमी तर तिथंच हाय. बाकी नुसते टक्के. टक्के कोण वाचून राहिलंय?"

"माझी चूक झाली रे."

"सरपंचाच्या सांगण्यावरून मी एक ओळ गाळली होती, आठवतंय? आठ दिवस बोलल्या नव्हत्या तुम्ही माझ्याशी."

"तो स्वतःला वाचवत होता. मी..." पुढे बोलली असती तर नावच तोंडातून निघालं असतं. "त्या गावात अंगणवाड्या किती आहेत, एवढं बघ."



"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला. शब्द काही दिला नाही.

पाहुणे निवृत्त सनदी अधिकारी. त्यांनी फीत सोडली, प्रत चाळली आणि माइकवरच विचारलं, "बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस?"

अंबिका उठली. माइकपाशी गेली.

"ते पान मी फाडलंय. त्यावरून माहिती देणारी व्यक्ती ओळखू येत होती, आणि ती चूक माझी. माहिती खरी आहे, तपासलेली आहे. गाव सांगणार नाही."

"मग पेपरातच राहायचं होतं की, मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. अण्णा मान खाली घालून उपरणं सारखं करत बसले.

पावणेबाराला टेबलाखाली फोन थरथरला. सुदामचीच बातमी.

'संचालकांनीच फाडलं स्वतःच्या अहवालाचं पान!' वर सभागृहातल्या त्याच्या वार्ताहराने काढलेला माइकसमोरचा तिचा फोटो, खाली तिला विचारलेले तीन टोचरे प्रश्न. सुदामने तिला मुळीच सोडलं नव्हतं. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. 'मराठवाड्यातल्या एका गावात' एवढंच होतं. तालुकासुद्धा नव्हता.

तिने फोन अण्णांपुढे धरला. मथळा वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "गेली की ओ अब्रू!"

"गेली, अण्णा," ती म्हणाली, आणि दहा वाजल्यापासून पहिल्यांदाच तिला पुरता श्वास आला.