सेतुमाधवरावांचं विनोदी लेखन

सेतुमाधवराव पापनाशमच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आणि तंजावरच्या घरी बसून विचार करू लागले. नुसता विचार करत बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ते लिहूही लागले.

तंजावरच्या मराठी मंडळींचं एक छोटं त्रैमासिक निघतं. त्यात त्यांचं ‘अध्यापन आणि जीवन’ हे सदर चार वर्षं चालू होतं. आता यात एक गोम होती. घरात बोलायला, देवाला आळवायला आणि बायकोशी भांडायला त्यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण शिक्षण सगळं तमिळ आणि इंग्रजीत. देवनागरीचं एक अक्षर त्यांना लागत नव्हतं. त्यामुळे ते मराठी लेख तमिळ लिपीत लिहीत. त्यांच्या पत्नी वरलक्ष्मीबाईंनी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. त्या दुपारी भाताची भांडी आवरून लेख देवनागरीत उतरवून काढत आणि पोस्टात टाकत. या गावात अशी सोय बऱ्याच घरांत असते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अंक निघाला की संपादक गोपालकृष्ण फोन करत. त्यांची नोकरी नागपूरच्या बँकेत झालेली, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्या मोजक्या लोकांत ते पहिले. फोनवर त्यांना हसू आवरत नसे. ‘चिकाटीचं महत्त्व’ या लेखावर माणूस पाच मिनिटं का हसतो, हे सेतुमाधवरावांना कळेना. निवृत्तीनंतर काहींचं डोकं जरा सरकतं, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

यंदा गोपालकृष्णांनी कळवलं, की वार्षिक मेळाव्यात सेतुमाधवरावांना शाल द्यायची ठरली आहे. मात्र त्यांनी स्वतःचा एक लेख अंकातून वाचून दाखवायचा.

शालीच्या आनंदात सेतुमाधवराव हो म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. शंभर माणसांपुढे लेखकालाच आपला लेख वाचता येत नाही! लोक काय म्हणतील? दोन महिने हातात होते. बायकोचं जुनं हिंदीचं पहिलं पुस्तक धोतराच्या घडीत लपवून ते रोज सकाळी शिवगंगा बागेतल्या बाकावर जाऊन बसू लागले. एकाहत्तराव्या वर्षी घ आणि ध यांत फरक करताना त्यांना घाम फुटे. ‘इतकं सोपं समजत नाही?’ असं ते ज्या पोरांना विचारत आले, ती सगळी पोरं त्यांना त्या बाकावर ओळीनं आठवली. त्यांना खरंच वाईट वाटलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी ते न अडखळता वाचू लागले. मोठ्या थाटात त्यांनी स्वतःचा लेख उघडला. शीर्षक त्यांचंच होतं, ‘विद्यार्थ्यांत गणिताची गोडी’. खाली मात्र वेगळंच होतं.

‘माझ्या वर्गात गणिताची गोडी एकालाच होती, तो मी. राग आला की मी खडू फेकून मारी. माझा नेम इतका वाईट, की चौतीस वर्षांत एकही पोर दुखावलं नाही, भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी मात्र तीन फुटल्या.’

सेतुमाधवराव तरातरा घरी आले. वरलक्ष्मीबाई केळफूल सोलत बसल्या होत्या.

“हें मी कधीं लिहिलों?”

बाईंनी अंकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “तुमी वाचायास शिकलां? अय्यो!”

“मी विचारलों तें सांग.”

“तुमी लिहिलां नाहींत. मी लिहिलें.” त्यांनी केळफूल बाजूला ठेवलं. “पहिला लेख जसाच्या तसा पाठवलें होतें. गोपालकृष्णांनी परत पाठवला, छापायासारखा नाहीं म्हणून. तुमी तर सगळ्या रस्त्याला सांगून आलां होतां, लेख येतो म्हणून. मग काय करूं? तुमी जेवतां जेवतां शाळेचं जें बोलतां, तेंच लिहून टाकलें.”

“आणि पुढचे?”

“पुढचेही.”

त्या दिवशी ते जेवले नाहीत. राग होताच, पण राग उतरल्यावर खाली जे उरलं ते जास्त बोचणारं होतं. उरलेले सगळे अंक त्यांनी एका बैठकीत वाचले आणि दोनदा, नको नको म्हणताना, त्यांना फसकन हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात त्यांनी तो खडूचा लेख वाचला. लोक पोट धरून हसले. गोपालकृष्णांनी शाल खांद्यावर घातली. सेतुमाधवरावांनी ती काढून टेबलावर ठेवली.

“हा लेख माझा नव्हे,” ते म्हणाले. “एकही माझा नव्हे. सगळे आमच्या घरच्यांनीं लिहिले.”

सभागृह हशानं दणाणलं. पुढच्या रांगेतले बाळकृष्णराव तर खुर्चीवरून घसरायचे राहिले.

“खरंच सांगतों!” सेतुमाधवराव ओरडले. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तिसऱ्या रांगेत वरलक्ष्मीबाई पदर ओढून ‘बसा, बसा’ अशा खुणा करत होत्या. ते बसले असते तर शाल, टाळ्या, नाव, सगळं त्यांचंच होतं. क्षणभर मोह झाला, नाही असं नाही.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. तमिळ अक्षरांतली, त्यांच्या हातची, ‘विद्यार्थ्यांत गणिताची गोडी’. आणि खणखणीत आवाजात वाचू लागले: “गोडी म्हणजे काय, याचा विचार करण्यापूर्वीं विचार म्हणजे काय, याचा विचार करूं या. विचाराचे प्रकार अकरा...”

तिसऱ्या प्रकाराला हसू थांबलं. पाचव्याला मागचे दोघे कॉफीकडे सरकले. सातव्याला बाळकृष्णरावांची मान छातीवर आली. सेतुमाधवरावांना सगळं दिसत होतं, कान गरम झाले होते, तरी त्यांनी आठवा प्रकार सावकाश, एकही शब्द न गाळता वाचला.

गोपालकृष्णांनी टेबलावरची शाल उचलली आणि ते तिसऱ्या रांगेकडे चालू लागले.

“नववा प्रकार,” सेतुमाधवराव म्हणाले.

“पोदुम हो, पुरे झालं!” वरलक्ष्मीबाई उभ्या राहून ओरडल्या. “पटलं सगळ्यांस!”