दोन इस्पिक

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये दरवर्षी जानेवारीत ब्रिजचे सामने व्हायचे. सेहेचाळीस साली अंतिम सामन्याच्या टेबलावर जे चौघे बसले होते, त्यांत मी एकटी बाई होते. माझ्यासमोर माझे यजमान किशनराव होते.

ते पूर्ण्याला असिस्टंट स्टेशन मास्तर होते. त्यांचे जुने जोडीदार, एक गोवेकर गार्ड, निवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा त्यांनी मला खेळ शिकवला. ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघे एका बाजूचे. आपल्याकडे काय आहे ते जोडीदाराला फक्त बोलीतून सांगायचं, एक चौकट, दोन इस्पिक, असं. तोंडावरून, हातावरून काही कळवायचं नाही. साहेबाची मेम क्लबात खेळायची, त्यामुळे मला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही पहिल्याच वर्षी उपांत्य सामना जिंकलो आणि तिथेच घोटाळा झाला.

चहा चालू होता. क्लबचे सेक्रेटरी बन्सीधरजी बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "मास्तर, तुमचं बरं हाय बुवा. आमाला बोली बोलावी लागती. तुमच्या दोघांचं तर डोळ्या-डोळ्यांतच भागायलंय!"

सगळे हसले. कुणीतरी पुढे जोडलं, "घरची तार हाय ती, तिला पैसे पडत न्हाईत."

यजमान हसले नाहीत. घरी येऊन जेवलेही नाहीत. मी ताट वाढून बसले होते. ताट बाजूला सारून म्हणाले, "कस्तुर, मी पुढच्या ठेसनाच्या, चुडाव्याच्या मास्तरला लाइन क्लिअर देतो म्हंजे काय करतो? नुसता शब्द देतो. त्या शब्दावर तो माणसांनी भरलेली गाडी सोडतो. उद्या तोच म्हणाला, ह्यो तर पत्त्यातबी लबाडी करतो, मग?"

"मस्करी केली हो त्यांनी."

"मस्करीच उद्या वहीत चढती. अंतिम सामना खेळायचा. पण डाव चालू असला की तू माझ्या तोंडाकडं बघायचं न्हाई. मीबी तुझ्याकडं बघणार न्हाई. आन् मी बोलायला थांबलो, तर त्या थांबण्यावरून काही वळखायचं न्हाई. थांबलोच न्हाई असं धरायचं."

हे शेवटचं सगळ्यात अवघड. बोलीला थांबतो त्याच्याकडे बहुधा सांगितलं त्याहून जास्त असतं. ते कळूनही न कळल्यासारखं वागायचं, हीच खेळातली सचोटी.

पंधरा दिवस आम्ही घरी सराव केला. शेजारचे फायरमन मुंजाजी आणि त्यांची बायको मनकर्णाबाई समोर बसायचे. मनकर्णाबाईंना मोठी गंमत वाटायची. "का गं, भांडलाव का काय? नवऱ्याचं तोंड बघवंना झालंय तुला?" आणि मुंजाजी म्हणायचे, "अगं, तू तरी माझ्याकडं कुठं बघतीस!" मी मान खाली घालून हसायची, पण वर बघायची नाही. पुढे पुढे ते अंगवळणीच पडलं.

रविवारी दुपारी अंतिम सामना सुरू झाला. समोर जालन्याचे दोन वकील. बन्सीधरजी मुद्दाम माझ्या मागे खुर्ची टाकून बसले, माझी पानं त्यांना दिसतील आणि मी मान वर केली तर तेही दिसेल असे. टेबलावर पसरलेल्या हिरव्या बनातीच्या कापडावर शाईचा एक डाग होता. पत्त्यांवरून नजर उचलली की मी ती त्या डागावर ठेवायची.

बारा डाव होते. अकरा झाले तेव्हा आम्ही थोडेसेच मागे होतो. शेवटच्या डावात चार इस्पिकांची, म्हणजे तेरांपैकी दहा हात जिंकायची, बोली बोलून ती पुरी केली तर कप आमचा होता.

यजमान म्हणाले, "एक चौकट." माझ्याकडे इस्पिकं होती, बाकी पानं बेताची. मी म्हणाले, "एक इस्पिक." आता त्यांची पाळी. ते थांबले. इतके थांबले की वकिलांपैकी एकजण खाकरला. मग जड आवाजात शब्द आला, "दोन... इस्पिक."

दोन म्हणजे साधी पानं. तीन म्हणाले असते तर मी डोळे झाकून चार म्हणाले असते. पण ते केवढे तरी थांबले होते, म्हणजे जास्त होतंच. मला ते कळत होतं. मागे बन्सीधरजींचा श्वास ऐकू येत होता. न थांबता दोन म्हणाले असते तर मी काय केलं असतं, तेच मी केलं. म्हणाले, "पास."

बोली आमच्याकडेच राहिली. इस्पिक मी आधी बोलले होते, म्हणून खेळायचं मी. अशा वेळी जोडीदार आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. त्याने बोलायचं नसतं, मी सांगेन ते पान फक्त पुढे सरकवायचं.

त्यांची पानं खाली आली. इस्पिकांत किलवर मिसळलेलं, एक बदाम पालथं. आणि पानं अशी जबरदस्त की मला राग आला. एवढं हातात असून दोनच? नावाच्या भीतीने माणसाने इतकं आवळून बोलावं? मी पानं मागत गेले. "बदामाची राणी." राणी जागची हलली नाही. डाव्या बाजूच्या वकिलांनीच ती पुढे सरकवली. मला वाटलं, हे रुसले आहेत. पुढची पानंही तशीच वकिलांनी सरकवली. मी बनातीकडे बघत खेळत राहिले. डाव संपला तेव्हा आमचे दहा हात झाले होते. चार बोललो असतो तर कप आमचा होता.

"मास्तर?" वकील म्हणाले. "अहो मास्तर!"

तेव्हा मी वर पाहिलं. ह्यांचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. केव्हापासून बघत होते, कोण जाणे.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, चार मिनिटं आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता. असेल. तेवढी चार मिनिटं मी ह्यांच्यावर रागावून बसले होते, एवढंच मी म्हणते. पुढे सात महिने ते अंथरुणावर होते आणि मी दिवसभर त्यांच्या तोंडाकडेच बघत बसायची. पाणी हवं का, कूस बदलायची का, सगळं तोंडावरूनच ओळखायचं.

एका दुपारी बन्सीधरजी आले. टोपी काढून खाटेजवळ बसले. क्लबची वही सोबत आणली होती. त्यात स्वतःच्या हाताने लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं: मी बाईंची पानं पाहिली, जोडीदार थांबला असताही बाईंनी पास दिला, कप गमावला, अशी शराफत या क्लबात मी पाहिली नाही, माझे पूर्वीचे शब्द मी मागे घेतो.

"ऐकलं का मास्तर? समद्यांच्या सह्या हायत."

हे छताकडे बघत होते. उजव्या डोळ्यातून पाणी आलं. बन्सीधरजी गहिवरले, "बघा, समजलं त्यांना, बाई, समजलं!"

मी पदराने ह्यांचा डोळा पुसला. त्या डोळ्यातून दिवसभरच पाणी गळायचं. हे मी बन्सीधरजींना सांगितलं नाही. म्हणाले, "हो, समजलं." मग चहा टाकायला आत गेले.