माझ्या पोटातला बोल्ट

मी एक जुनी, बुटकी, भांडकुदळ टगबोट आहे. खऱ्या टगबोटी मोठाल्या जहाजांना दोर लावून बंदरात ओढत नेतात. मी त्यांची रिमोटवर चालणारी धाकटी बहीण, तुमच्या दप्तराएवढी. पण मित्रांनो, मी कधी काही ओढलं नाही, आयुष्यभर धडका दिल्या. माझ्या नाकावर जितके पोचे आहेत तितकी भांडणं मी केली आहेत, आणि त्यातल्या एकाचीही मला लाज वाटत नाही.

मला ताईने बनवलं. ताई वेल्डर. गेट, जिने, पाण्याच्या टाक्या जोडायची. उरलेल्या पत्र्यातून तिने मला कापलं, ठोकलं, सांधलं. माझ्या अंगावरचा एकेक सांधा तिच्या उजव्या हाताचा आहे. पोटात तिने शिशाची जड बॅटरी बसवली, पट्ट्याने घट्ट आवळून. त्या वजनामुळे मी पाण्यात ठाण मांडून बसायचे. धक्का बसला की डुलायचे, पण कलंडायचे नाही.

मला चालवायचा तिचा धाकटा भाऊ. तो बस चालवायचा, आणि दिवसभर रस्त्यावर गिळलेला राग सुट्टीच्या दिवशी तळ्यावर ओकायचा. तळ्यात दोरीचं गोल रिंगण असे. दोन बोटी आत सोडायच्या आणि एक बुडेपर्यंत किंवा दोरीबाहेर ढकलली जाईपर्यंत धडका. पत्रा फाटायचा, काठावर शिव्यागाळ, कधी एकमेकांची कॉलर धरण्यापर्यंत मजल. सामना संपला की जिंकलो असो वा हरलो असो, बहीण-भाऊ एकमेकांना टाळी द्यायचे. अशी कडाडून, की तळ्यावरची बदकं उडायची. ती टाळी ऐकल्याशिवाय मला सामना संपल्यासारखं वाटतच नसे.

आमचा वैरी म्हणजे दातांच्या डॉक्टरांची लांबट पांढरी बोट. तिने मला लागोपाठ पाणी पाजलं. शेवटच्या वेळी तर माझी कूस फोडून तळाशी धाडलं. भाऊ कमरेएवढ्या गाळात उतरून मला चाचपत होता आणि काठावर लोक हसत होते.

घरी आल्या आल्या त्याने स्टूल लाथाडलं. "ती शिशाची धोंड काढ आधी! डॉक्टरकडे लिथियमची हलकी बॅटरी आहे, आणि आपली बोट म्हशीसारखी चालते."

"घेऊ की लिथियम," ताई म्हणाली. "पण मोटार किती व्होल्टची आहे ते बघून. आणि कडक कवचाची घ्यायची, रिंगणात मार खायचाय तिला. ती हलकी असणार, म्हणजे वजनाचंही काहीतरी बघावं लागेल. आधी तिच्यासाठी डबा बनवते, मग आण."

"कधी बनवणार?"

"हातातल्या टाकीचं काम झालं की."

भावाला थांबायची सवय नव्हती. सिग्नलला थांबतो तेवढं पुरे, असं त्याचं म्हणणं. ताई कामावर गेली असताना तो बॅटरी घेऊन आला. दुकानदाराने बजावून तिच्याच जोडीचा चार्जर दिला होता, तेवढं एक बरोबर झालं. बाकी सगळी बोंब. बॅटरी शर्यतीच्या हलक्या बोटींसाठीची होती, मऊ पाकिटातली, वेफर्सच्या पुडीसारखी दाबली जाणारी, आणि माझ्या मोटारीला झेपेल त्याहून जोरकस. ती बसवून त्याने मला टबात सोडलं तर मी बुचासारखी वर आले आणि आडवी झाले. वजन हवं होतं. मग या पठ्ठ्याने ताईच्या भंगाराच्या डब्यातले बोल्ट मूठमूठभर माझ्या पोटात ओतले. बॅटरीच्या शेजारी, बॅटरीवरसुद्धा. वरून डेकचे स्क्रू आवळले आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. पोटात बोल्ट खुळखुळत होते. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

तरी खोटं कशाला बोलू? रिंगणात मोटार सुरू झाली आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पहिल्याच धडकेत पांढऱ्या बोटीचा कठडा उडाला. दुसरीत तिच्या बाजूला चीर गेली. "फोड! फोड तिला!" भाऊ काठावरून गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. मी मागे सरत होते आणि फोडत होते. दर धडकेसरशी माझ्या पोटातले बोल्ट पुढे धावत, त्या मऊ पाकिटावर आदळत आणि मागे येत. शेवटच्या धडकेत पांढरी बोट दुभंगून खाली गेली. त्याच धडकेत एक बोल्ट पाकिटात घुसला.

ताई कामावरून परस्पर तळ्यावर पोचली ती तेवढ्यात. मोटारीचा चिरका आवाज ऐकूनच ती थबकली. "काय घातलंयस त्यात?" ती ओरडली. जल्लोषात भावाला ऐकू गेलं नाही. त्याने मला पाण्यातून उचलून डाव्या हाताने छातीशी धरलं आणि टाळीसाठी उजवा हात वर केला. माझ्या फटींतून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघत होता. त्याला ती तापलेल्या मोटारीची वाफ वाटली.

ताईने टाळी दिली नाही. तिने झेप घेतली आणि मला त्याच्या छातीपासून ओरबाडून काढलं. त्याच क्षणी माझं पोट फुटलं. डेक उडाला, आगीचा लोट शिट्टी मारत बाहेर आला, आणि तिचा उजवा हात त्या आगीत होता. तरी तिने मला सोडलं नाही, कारण चहूकडे माणसं होती. मोकळ्या खडीपर्यंत ती धावली आणि मग मला फेकलं. तिथे मी जळत राहिले, विझल्यासारखी होऊन पुन्हा पुन्हा पेटत. भाऊ माझ्यावर वाळू लोटत होता, मला शिव्या देत होता आणि "ताई, ताई" करत लहान मुलासारखा रडत होता. डॉक्टरांनी ताईचा हात नळाखाली धरला आणि ती कितीही ओरडली तरी काढू दिला नाही.

हात वाचला. पण कातडी आवळली, बोटं पुरती वळेनात. वेल्डिंगचा होल्डर त्या हातात धरवेना. इतकी वर्षं सरळ सांधे घालणारी माझी ताई डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायला बसली. तिचे ते वाकडेतिकडे सांधे पाहून माझा जीव तुटायचा.

एक दिवस भावाने मला चिरडायला हातोडा उचलला.

"तिने काय केलंय?" ताई दारातून म्हणाली. "ठेव तो हातोडा आणि तिचं पोट साफ कर."

त्याने बसून एकेक बोल्ट काढला. एक मात्र वितळलेल्या धातूत रुतून माझ्या तळाला चिकटला आहे. तो त्याने तसाच राहू दिला. मग ताई सांगत गेली आणि भाऊ करत गेला. मोटारीला जुळणारी, कडक कवचाची बॅटरी. तिला स्वतःचा डबा, भोवती स्पंज. वजनासाठी शिशाच्या पट्ट्या, तळाला पक्क्या चिकटवलेल्या. चार्ज करताना बॅटरी माझ्या पोटात नाही, उघड्या फरशीवर, आणि भाऊ तिच्यासमोर पहारा देत. "एवढा वेळ तू स्वतःच्या लग्नातसुद्धा एका जागी बसला नव्हतास," ताई म्हणाली.

मित्रांनो, बोटींची मारामारी खुशाल करा, मला ती अजूनही आवडते. पण बॅटरी घेताना नुसता जोर बघू नका. ती आपल्या मोटारीला चालते का, तिला किती मार बसणार, तिच्या शेजारी काय असणार, हे आधी बघा. चेपलेली, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. आणि जाणतं माणूस थांब म्हणालं, तर कृपा करून थांबा.

गेल्या सुट्टीला आम्ही पुन्हा रिंगणात उतरलो. डॉक्टरांच्या नव्या बोटीने मला धडाधड हाणलं, माझी बाजू चेपली आणि मला दोरीबाहेर फेकलं. भावाने मला उचललं, सगळ्यांपासून लांब खडीवर नेऊन ठेवलं आणि डेक उघडून बॅटरी तपासली. ती थंड होती. मग तो मान खाली घालून उभा राहिला. ताईने आकसलेला उजवा हात वर केला.

"दे की," ती म्हणाली. "हरलो तरी देतो ना आपण?"

त्याने हात वर नेला आणि आपला तळवा तिच्या तळव्याला नुसता टेकवला. आवाज झाला नाही. तळ्यावरची बदकं जागची हललीसुद्धा नाहीत.