तोंड नसलेला चेहरा

माझी लेक माणसांचे चेहरे करते. काढते म्हणत नाही, कारण त्यात रंग कमी आणि भंगार जास्त. कापडाच्या चिंध्या, तारा, फाटका कागद, आणि वरून रंगाचे फटकारे. नाकडोळे शोधायला गेलात तर डोक्याचा भुगा होईल. माणसाच्या आत दडलेलं बाहेर आणायचं, असं ती म्हणते. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला हे कसं पटावं? आत काय बिघडलंय ते कळायला मागचं झाकण काढावं लागतं.

तरी तिनं प्रदर्शनासाठी माझा चेहरा करायचं ठरवलं, तेव्हा मी मनातून हरखलो. बंद दुकानातलं सुट्या भागांचं खोकं तिच्या हवाली केलं. तिची आई गेल्यापासून घर मला खायला उठतं. दर रविवारी फोनवर मी लेकीशी तासभर बोलतो. गुडघा, शेजारी, गळका नळ. पण एकटा पडलोय, हे काही जिभेवर येत नाही. निदान चित्र करताना तरी तिला ते दिसलं असेल, एवढीच माझी आशा होती.

प्रदर्शनात चित्रांखाली नावं नव्हती. "तुमचं तुम्हीच ओळखा, बाबा," लेक म्हणाली.

दारातच एक भलंमोठं ध्यान टांगलेलं. मधोमध स्पीकर, भोवती भडक नारिंगी रंग, आवाजाचं बटण टोकापर्यंत पिळलेलं.

"हा कोण बडबड्या?" मी म्हणालो. "घरच्यांचे कान किटले असतील!"

ती हसली नाही.

पुढं एका कोपऱ्यात मी थबकलो. राखाडी फळीवर स्पीकरचं जुनं कापड ताणून बसवलेलं, पण मागं स्पीकरच नाही. दोन्ही बाजूंना हेडफोनचे कान. कपाळावर रेडिओची पट्टी आणि तिचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेला. रेडिओवर अशा जागी नुसती खरखर ऐकू येते. सगळे भाग माझ्याच खोक्यातले.

"अगदी बरोबर पकडलंस गं मला," मी म्हणालो. "कसं कळलं तुला? मी तर कधी बोललो नाही."

ती चित्राकडेच बघत राहिली.

"बाबा, याला तोंड नाहीये," ती हळूच म्हणाली. "ही मी आहे."

मी मागं वळून दाराकडं पाहिलं. नारिंगी ध्यान तिथंच होतं. त्याला कान नव्हते. भाग त्याचेही माझ्याच खोक्यातले होते.

"रागावलात?" तिनं विचारलं.

एरवी मी तिला सोडलं नसतं. हे असं कसं केलंस, तुझी आई असती तर, असं बरंच काही जिभेवर आलं होतं. ते सगळं गिळलं. बाकावर बसलो आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बस. आज तू बोल."

ती बसली, पण तिला सुरुवात सापडेना. मला गप्प राहणं जमेना, म्हणून मी ओठ दाबून धरले. समोरून माणसं येत होती, चित्रं बघून जात होती.

"गेल्या वर्षी तुमचा गुडघा दुखत होता ना," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा माझं ऑपरेशन झालं होतं, बाबा. तुमचा फोन मी दवाखान्यातूनच घेत होते."